फो, थुकपा आणि आपली सालपापडी



मागच्या वर्षी आषाढात एका संध्याकाळी पुण्याहून नातीचा फोन आला. कॉलेजचं पहिलं वर्ष, हॉस्टेलवर राहते. आवाज रडवेला होता. मैत्रिणींबरोबर एका हॉटेलात गेली होती. तिथे 'व्हेज' लिहिलेलं व्हिएतनामी नूडल सूप मागवलं. कांदा-लसूण नको, हेही तिने आठवणीने सांगितलं. अर्धं वाडगं संपल्यावर एका मैत्रिणीने वाढणाऱ्या मुलाला सहज विचारलं, ही चव कशाची? तो म्हणाला, फिश सॉसची.

मी काय केलं? रागावले. "बाहेरचं खायचंच कशाला? इतकी वर्षं शिकवलं ते कुठे गेलं?" असं बरंच काही बोलले. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पुढच्या अष्टमीला तिने स्वतःहून एकाशन केलं, हे मला सूनबाईकडून कळलं. मला तिने ते सांगितलं नाही. त्यानंतर फोनवर "जेवलीस का?" विचारलं की "हो आजी", "काय जेवलीस?" की "मेसमधलंच". बस, एवढंच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पोरीने चूक केली नव्हती, चुकून झालेलं मला खरं सांगितलं होतं. आणि मी खरं सांगण्याची शिक्षा तिला दिली. आता यापुढे ती सांगेल का?

मी बी.कॉम. झालेली बाई. खातं जुळत नसलं की आधी जुन्या नोंदी काढायच्या, हे आमच्या सरांनी शिकवलेलं. म्हणून ठरवलं, हे सूप आहे तरी काय, कुठून आलं, त्यात मासळी का पडते, ते आधी समजून घेऊ. मग आपल्या चौक्यात ते बसतं का ते पाहू. वाचत गेले तसं कळत गेलं, की ही एका पदार्थाची गोष्ट नाही, घरदार सुटलेल्या माणसांची गोष्ट आहे. आणि तिचा एक धागा तर आपल्याच गोंदिया जिल्ह्यात सापडला.

त्या सूपाचं नाव 'फो'. लिहिताना फो, पण व्हिएतनामी लोक उच्चारतात ते 'फ' लांबवून, शेवटी प्रश्न विचारल्यासारखा सूर वर नेऊन. ते फार जुनं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या पणजीच्या काळात, उत्तर व्हिएतनाममध्ये हनोई आणि तिच्या आग्नेयेच्या नाम दिन्ह भागात ते रूपाला आलं. तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. तिथले शेतकरी बैल-रेडे नांगराला जुंपत, खाण्यासाठी सहसा मारत नसत. फ्रेंच आल्यावर गोमांसाची मागणी वाढली आणि खाटकांकडे हाडं स्वस्तात मिळू लागली. त्या हाडांचा काढा, त्यात तांदळाच्या पट्ट्या, असा तो पदार्थ. वाचताना मी दोनदा पुस्तक बाजूला ठेवलं, हे कबूल करते. पण नोंद आहे तशीच वाचायची असते.

नावाबद्दल दोन मतं आहेत. काही म्हणतात, तांदळाच्या नूडलसाठी असलेल्या चिनी शब्दावरून ते आलं. काही म्हणतात, फ्रेंचांच्या 'पो-तो-फ' या रश्श्यावरून. विकणारे फिरते होते. खांद्यावर कावड, एका बाजूला चूल आणि उकळतं भांडं, दुसऱ्या बाजूला पट्ट्या, वाडगी आणि मसाले. कावड म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं, तिथे अख्खं उपाहारगृह कावडीत मावायचं.

मग 1954 साल आलं. जिनिव्हाच्या कराराने व्हिएतनामचे दोन तुकडे झाले, सतराव्या अक्षांशावर रेघ पडली. त्या कराराच्या देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. सोबत कॅनडा आणि पोलंड. आठ लाखांहून अधिक माणसं उत्तरेतून दक्षिणेत गेली. घर नेता आलं नाही, शेत नेता आलं नाही, फो नेता आला. दक्षिणेत भाजीपाला भरपूर, चव गोडसर, म्हणून तिथे वाडग्यावर हिरवी पानं, मोड आलेले मूग, लिंबू असं सगळं चढलं. उत्तरेतल्या लोकांना ते आजही जरा जास्तच वाटतं. पुढे 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं. होड्यांत बसून लाखो लोक समुद्रात निघाले, कितीतरी पोहोचलेच नाहीत. जे अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात पोहोचले त्यांनी तिथे छोटी हॉटेलं काढली. जगभर फो गेला तो असा, आणि तिथून पुण्यात माझ्या नातीच्या टेबलापर्यंत.

आणि मासळी? त्या देशाचा किनारा तीन हजार किलोमीटरहून लांब. मीठ घालून आंबवलेल्या मासळीचं पाणी त्यांच्याकडे मिठाच्या जागी वापरतात. आपण जसं चिमूटभर मीठ घातलं म्हणून वेगळं सांगत नाही, तसं तेही सांगत नाहीत. नुसत्या भाज्या दिसल्या की आपल्याकडच्या हॉटेलवाल्यालाही ते 'व्हेज'च वाटत असावं. हे कळल्यावर माझा राग बराच उतरला. नियम आपला आहे, तेव्हा विचारण्याची जबाबदारीही आपली. आता नातीला मी "खाऊ नको" असं म्हणत नाही. "मीठ कशाचं, पाणी कशाचं, तेल कशाचं, एवढे तीन प्रश्न आधी विचार" असं सांगते.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती मला माहीतच नव्हती. व्हिएतनाममधले बौद्ध भिक्षू आणि भिक्षुणी महायान परंपरेतले, ते शाकाहारी. साधे गृहस्थसुद्धा चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात. आपल्या अष्टमी-चतुर्दशीची आठवण झाली ना? या शाकाहारी जेवणाला त्यांच्याकडे 'चाय' म्हणतात (आपला प्यायचा चहा नव्हे), आणि तशा सूपाला 'फो चाय'. त्यात हाडांऐवजी मुळा, गाजर, फळं आणि अळंबी उकळतात, मासळीच्या पाण्याऐवजी सोयाबीनचा रस घालतात. म्हणजे 'शाकाहारी फो' ही आपण लावलेली जोड नव्हे, त्यांच्या मंदिरांतली ती जुनी रीत आहे. आणखी एक गंमत. युद्धाच्या आणि रेशनच्या काळात हनोईच्या सरकारी दुकानांत मांस नसलेला फो मिळायचा. तेव्हा आकाशात अमेरिकेची वैमानिकाविना उडणारी विमानं घिरट्या घालत. लोक थट्टेने या सूपालाही 'वैमानिकाविना फो' म्हणू लागले. उपासमारीतही माणसं हसायची सोडत नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ, गोठणगावच्या बाजूला, नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. तुमच्यापैकी काहींनी नवेगावबांधला किंवा इटियाडोह धरणावर जाताना तिथल्या रंगीत पताका पाहिल्या असतील. मार्च 1959 मध्ये दलाई लामा तिबेटमधून भारतात आले, पाठोपाठ हजारो लोक आले. भारत सरकारने त्यांना ठिकठिकाणी जमिनी दिल्या, कर्नाटकात बायलाकुप्पे, आपल्या शेजारच्या छत्तीसगडात मैनपाट, आणि 1972 मध्ये इथे. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, तो 1 मे 1999 ला झाला. म्हणून आजही त्या वसाहतीला बरेच लोक 'भंडाऱ्याची तिबेटी वसाहत' म्हणतात. विचार करा, बर्फाच्या पठारावरची माणसं आपल्या मे महिन्याच्या उन्हात येऊन राहिली. धानाच्या बांध्यांत उतरली, थंडीत गावोगावी स्वेटर विकायला बसली.

अशाच एका तिबेटी बाईंकडून मी गोंदियाला कितीतरी वर्षं स्वेटर घेत आले. माझ्याच वयाच्या. हिंदी बोलतात, मधेच एखादा मराठी शब्द टाकतात. गेल्या हिवाळ्यात नवेगावबांधला सहलीला गेलो तेव्हा त्यांच्या घरी थांबलो. त्यांनी थुकपा रांधला होता. थुकपा म्हणजे त्यांचं नूडलचं सूप, आणि फोचा दूरचा भाऊबंद, मात्र तांदळाऐवजी गव्हाचा. त्या म्हणाल्या, आज मांस नाही, 'सागा दावा'च्या महिन्यात तर आम्ही बरेच जण मांस खातच नाही. पण त्यात कांदा होता, लसूण होता, आणि भांडं रोजचं. मी हात जोडले, म्हटलं, "बहेनजी, मुझे माफ करना." मनात धाकधूक होती, घरी बोलावून वाढलेलं नाकारणं म्हणजे त्या माऊलीला किती लागेल.

त्यांना वाईट वाटलं नाही. म्हणाल्या, "आपका नियम है, हमारा भी नियम है." मग त्यांनी कणकेचा एक गोळा घेतला आणि मला त्यांचा दुसरा प्रकार, 'थेनथुक', करून दाखवला. भिजवलेल्या कणकेची लांब पट्टी ओढायची आणि चिमटीने तिचे चपटे तुकडे तोडून उकळत्या पाण्यात टाकायचे. मला हसू आवरेना. अहो, ही तर आपली वरणफळं! पाणी वेगळं, हात तेच. त्यांना मी वरणफळांचं सांगितलं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं, की चिंच कधी घालायची.

घरी येताना गाडीत मी हेच घोळवत होते. त्या लोकांचा देश गेला. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी थुकपा टिकला, कारण कुणीतरी आई रोज तो करत राहिली. आणि आपले पूर्वज? व्यापारासाठी गावं सोडून या धानाच्या मुलखात आले. भाषा बदलली, लुगडी बदलली, सूर्यास्ताआधी जेवणं बदललं नाही. तेही कुणातरी बाईनेच टिकवलं.

म्हणून मी ठरवलं, हे सूप घरी करायचं. तर आमच्या मोठ्या जाऊबाईंनी आडकाठी घेतली. त्या सरळ म्हणाल्या, "अगं, ज्याचं मूळच हाडांच्या पाण्यात, त्याची नक्कल आपल्या चुलीवर कशाला? यशोधर राजाचा पिठाचा कोंबडा विसरलीस?"

प्रश्न खरा होता. तुम्हाला कथा माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. सोमदेवसूरींनी 959 साली 'यशस्तिलक' रचलं, त्यात ती सविस्तर आहे. उज्जैनीचा राजा यशोधर. आई चंद्रमतीने देवीला बळी देण्याचा हट्ट धरला. राजा म्हणाला, जीव मारणार नाही. शेवटी मधला मार्ग म्हणून पिठाचा कोंबडा केला आणि तो कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मायलेकांना मोर, कुत्रा असे पशुपक्ष्यांचे कितीतरी जन्म घ्यावे लागले. का? कारण कापताना मनात 'मी कोंबडा मारतो' हाच भाव होता. द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा झाली.

मी चार दिवस यावर विचार केला, आणि मला जे वाटलं ते इथे लिहिते. पटलं नाही तर जरूर सांगा. हल्ली सोयाबीनचं मांसासारखं दिसणारं, चावताना तसंच लागणारं जे मिळतं, ते मला पिठाच्या कोंबड्याच्या रांगेतलं वाटतं. ते खाताना जीभ त्याचीच आठवण काढते. ते मी घरात आणणार नाही. पण चक्रीफूल, दालचिनी, तांदूळ आणि लिंबू यांत कुणाला मारण्याचा संकल्प कुठे आहे? हाडांच्या चवीची नक्कल मला करायचीच नव्हती. मला त्या मसाल्याच्या पाण्याचा आणि तांदळाच्या पट्ट्यांचा जो चांगला भाग आहे, तो घ्यायचा होता. जाऊबाई म्हणाल्या, "मग नाव तरी बदल." ते मात्र मला पटलं. आमच्या घरी त्याला आता 'तांदळाच्या पट्ट्यांचं सूप' म्हणतात.

आणि परकं तरी त्यात किती आहे? चक्रीफूल व्हिएतनामच्या उत्तरेला, लांग सोन भागात पिकतं. आपल्या बाजारात येणारं चक्रीफूल आणि जाड सालीची दालचिनी यांतला मोठा वाटा व्हिएतनाम आणि चीनमधून येतो. म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यात व्हिएतनाम आधीपासूनच बसलेला आहे. तांदूळ तर आपलाच. आणि पट्ट्या? तिथल्या बायका तांदूळ भिजवून वाटतात, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बांधलेल्या कापडावर ते पातळ पीठ पसरतात, वाफ देतात, अलगद सोलून काढतात आणि कापतात. अहो, ही आपली उन्हाळ्यातली सालपापडी! आपण ती वाळवून तळतो, त्या ओलीच कापून पाण्यात सोडतात, इतकाच फरक.

बाजारातली पाकिटं घेताना एक सांभाळा. नुसता हिरवा ठिपका पाहून भागत नाही. बऱ्याच तांदळाच्या नूडलमध्ये टॅपिओकाचं पीठ असतं, म्हणजे साबुदाण्याचाच कंद. जमीकंदाचा नियम असेल तर मागचं बारीक अक्षर वाचाच.

मी करते ते असं, चार माणसांसाठी.

पट्ट्या: दोन वाट्या जुने तांदूळ धुऊन चार तास भिजवायचे. आंबवायचे नाहीत. बारीक वाटून, दोन चमचे मक्याचं पीठ, मीठ आणि एक चमचा तेल घालून धिरड्यापेक्षा पातळ करायचं. तेल लावलेल्या ताटलीत पळीभर पसरून तीन-चार मिनिटं वाफ द्यायची. गार झाल्यावर सोलून बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या. एकीवर एक ठेवताना मधे तेलाचा हात फिरवा, नाहीतर चिकटतात.

पाणी: मोठ्या गंजात दहा पेले गाळलेलं पाणी. दोन चक्रीफुलं, बोटभर दालचिनी, तीन लवंगा, एक मसाला वेलची, चमचाभर धणे, अर्धा चमचा बडीशेप, हे सगळं कोरडं भाजून पुरचुंडीत बांधायचं. तिकडे कांदा आणि आलं जाळावर भाजून घालतात. मी दोन टमाटर जाळावर साल काळी होईतो भाजते, साल काढते आणि घालते. आल्याऐवजी सुंठ. गोडव्यासाठी दाणे काढलेली दोन मक्याची कणसं, एक नासपती, दुधीचे मोठे तुकडे. पाऊण तास मंद आच, मग गाळून सैंधव. त्यांच्याकडे हा काढा रात्रभर चुलीवर असतो. आपल्याकडे दुपारी चढवायचा आणि दिवेलागणीच्या आत भांडी घासून मोकळं व्हायचं.

वाडग्यात पट्ट्या, वर वाफवलेल्या शेंगा, मक्याचे दाणे, ताज्या पनीरचे तुकडे, आणि वरून कडकडीत पाणी. मोड आलेले मूग आणि अळंबी नाहीत. सांबार आणि सब्जाची चार पानं. त्यांची तुळस आपल्या सब्जाच्याच जातीतली, म्हणून वास जुळतो. चातुर्मासात पालेभाजीचा त्याग असेल तर नुसतं लिंबू पिळा, काही बिघडत नाही.

पहिल्यांदा केलं तेव्हा पट्ट्यांचा गोळा झाला. आमचे हे म्हणाले, "छान आहे, पण ही खीर आहे का?" दुसऱ्यांदा मीठ कमी पडलं. तिसऱ्यांदा जमलं.

दिवाळीत नात घरी आली. लाडू-चिवडा खाऊन कंटाळलेली. चार वाजता मी काही न बोलता गंज चढवला. वास आला तशी ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आजी, हे तेच आहे?" मी म्हटलं, "तेच नाही. पण बस." पाच वाजता आम्ही सगळे जेवायला बसलो, बाहेर उजेड होता. जाऊबाईंनी पट्ट्या खाल्ल्या नाहीत, पण वाटीभर गाळलेलं पाणी घेतलं आणि "सुंठ बरी उतरली" म्हणाल्या. तेवढं मला पुष्कळ.

भांडी आवरताना नात माझ्या शेजारी उभी राहून पुसत होती. मी म्हटलं, "त्या दिवशी मी उगाच बोलले ग." ती काही बोलली नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, हॉस्टेलला गेल्यावर अजून एकदा चुकून असं झालं होतं. केकमध्ये अंडं होतं. मी तुला सांगितलंच नव्हतं."

मी तिच्या हातातलं वाडगं घेतलं आणि म्हटलं, "बरं केलंस सांगितलंस. आता पुढच्या वेळी काय विचारायचं ते लिहून घे." तिने फोनमध्ये माझे तीन प्रश्न लिहिले, आणि चौथा आपल्या मनाने जोडला.

मैत्रिणींनो, करून पाहा, आणि तुमच्या पट्ट्या चिकटल्या तर घाबरू नका, माझ्याही चिकटल्या होत्या.

जय जिनेंद्र.